शिलाई मशीनचा स्क्रू

"आई, बाबांवर रागावू नकोस, गोड बोल," हे लेकीचं पालुपद. रागावू नको तर काय नाचू? सकाळी यांच्या हातात चहाचा कप दिला तर मलाच म्हणाले, "ताई, तुम्ही बसा ना." ताई! उभा जन्म यांच्या घरात राबण्यात गेला, आणि मी ताई! तरी जीभ चावली आणि हळूच म्हटलं, "बसते हं."

आमचे हे खेळण्यांच्या दुकानात मॉडेल रेल्वेची इंजिनं दुरुस्त करायचे. एका काळ्या इंजिनाचं बाहेरचं रूप कंपनीने तेच ठेवलं, पोटातली यंत्रणा मात्र दोनदा बदलली. एकीचा भाग दुसरीत बसवला की मोटार जळालीच म्हणून समजा. म्हणून गिऱ्हाइकाने इंजिन ठेवलं की हे ते आधी उलटं करायचे. "तोंड काय बघायचं? तोंडं सगळी सारखीच," म्हणायचे.

यांच्या विसरण्याच्या आजारावर डॉक्टर म्हणाले, आवडीचं काम हातात द्या. लेकीने दुकानातून तसलीच तीन मोडकी इंजिनं आणली, आमच्या कपाटातलं एक काढलं आणि जेवायच्या टेबलावर मांडली. यांनी पहिलं उलटं केलं.

"हे सगळ्यात जुनं. मोटार आडवी, दातेरी चाकं पितळेची."

दुसरं केलं. "हे मधलं. चाक प्लास्टिकचं, हमखास तडकतं."

तिसऱ्याच्या चाकांवर रबराचं कडं होतं. ते नखाने चाचपून म्हणाले, "नवं."

एकही चुकलं नाही. लेक टाळ्या वाजवायला लागली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इंजिनांची पोटं ओळखता येतात, आणि समोरची बायको नाही?

आमचं कपाटातलं उलटं केलं आणि हे थबकले.

"हा स्क्रू याचा नाही. शिलाई मशीनचा आहे. माझ्या बायकोने बसवलाय."

खरंच मी बसवला होता. मूळचा हरवला म्हणून यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी वैतागून मी माझ्या मशीनचा काढला आणि पिळला. वर चार शब्द सुनावलेही होते.

"कुठे आहे तुमची बायको?" मी विचारलं.

"स्वयंपाकघरात असेल. ताई, जरा हळू बोला. भारी तापट आहे ती."

लेकीने तोंडाला ओढणी लावली. मी नाही रडले. मला स्वतःचाच राग आला. आजार कळल्यापासून मी यांच्याशी दवाखान्यातल्या नर्ससारखी गोड गोड बोलत होते. कशी ओळखणार हे मला? असली बायको यांनी कधी पाहिली होती?

तडक स्वयंपाकघरात गेले आणि तिथूनच ओरडले, "अहो, तो पसारा उचला आधी! जेवायचं टेबल आहे की दुकान?"

बाहेर इंजिनं गोळा केल्याचा खडखडाट झाला.

"उचलतोय गं, उचलतोय," हे म्हणाले. "लगेच काय अंगावर येतेस?"