आमच्या साहेबांचा लव्हाळा

शेतीतलं काहीही मला विचारा, असं आमचे साहेब, म्हणजे माझा नवरा आदिल मुकादम, ऊठसूट सांगत असतात. श्रीवर्धनकडची भातशेती सोडून ओमानला आले त्याला वीस वर्षं झाली, पण तोरा असा की कालच नांगर ठेवून आलेत! आता मस्कतजवळ रुसैलला पाण्याच्या टाक्यांच्या फॅक्टरीत फोरमन आहेत. आठवडाभर कंपनीच्या खोलीत राहतात आणि गुरुवारी रात्री लांब सहम गावात आमच्याकडे येतात. येतात तेही तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारखे. नळ का गळतो, भेंडी इतकी जाड का चिरली? मी इथे शिलाईचं दुकान चालवते, घर चालवते, पोर एकटीने वाढवते, आणि हे मला भेंडी शिकवणार. कौतुकच आहे!

तर आमची तूबा. अबोल पोर, शाळेत कोणाच्या अध्यात ना मध्यात. तिच्या इतिहासाच्या जॅस्मिन टीचर, वसईच्या, त्यांनी वर्गातल्या प्रत्येकाला घरी लावायला एका झाडाच्या मुळाचा तुकडा दिला. पपायरस म्हणे. जुन्या इजिप्तमधले लोक ह्याच्या दांड्याचा पांढरा गर काढायचे, पट्ट्या कापून एक थर उभा, एक आडवा लावायचे, ठोकून दाबून ठेवायचे, आणि त्याचा कागद व्हायचा. त्यावर लिहिलेलं हजारो वर्षं वाळूत टिकलं, आणि आपण 'पेपर' म्हणतो तो शब्दही ह्याच झाडाचा. मला हे सगळं तूबाने सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं इंग्लिशमध्ये. एरवी तिच्या तोंडून चार वाक्यं सलग निघत नाहीत.

उन्हाळ्यात बाकीच्या पोरांची रोपं जळून गेली. तूबाने मात्र अंगणातल्या टबावर माझी जुनी ओढणी बांधून सावली केली, आंघोळीचं पाणी वाचवून त्याला घातलं. झाड तिच्या डोक्याच्या वर गेलं. टीचर म्हणाल्या, "शाळेच्या प्रदर्शनातलं मधलं टेबल तूबाचं. कागद तीच करणार." पोर त्या दिवशी दोन चपात्या जास्त जेवली. शुक्रवारी दांडे कापायचे, पट्ट्या आठवडाभर दाबून ठेवायच्या आणि त्याच्या पुढच्या रविवारी प्रदर्शन, असं ठरलं होतं.

शुक्रवारी सकाळी साहेब उठले, चहा घेऊन अंगणात गेले. मी आत बांगडे साफ करत होते. बाहेर आले तर टब रिकामा! नुसता चिखल.

"इथलं झाड कुठाय?"

"झाड कसलं? लव्हाळा होता. उपटला." छाती फुगवून सांगतात! "काडी चिमटीत धरली आणि ओळखली. तीन धारा. एक राहिला तर अख्खं शेत खातो. तुला काय कळणार!"

"टाकलात कुठे?"

"शेजारच्या ओमानी अर्बाबच्या, त्या शेठच्या, बकऱ्यांना घातला. खलास."

बकऱ्यांनी खरंच खलास केलं होतं. मुळंसुद्धा ठेवली नव्हती. या अल्ला, मी त्या माणसाला काय काय बोलले! तूबा मात्र दारात उभी राहून टबाकडे बघत राहिली, मग आत जाऊन दार लावून घेतलं. रडण्याचा आवाज आला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

मी टीचरना फोन केला. त्या बिचाऱ्या मला धीर द्यायला म्हणाल्या की पपायरस आणि लव्हाळा एकाच कुळातले आहेत. हे साहेबांच्या कानावर गेलं मात्र, "बघ! म्हटलं नव्हतं?" लाज नावाची गोष्ट ह्या माणसाने कुठे गहाण टाकली देव जाणे.

पुढच्या गुरुवारी मस्कतहून कागदाची एक गुंडाळी घेऊन आले. सोनेरी राणीचं चित्र छापलेलं. "घे, असली इजिप्तचा कागद. हाच टेबलावर मांड." तूबाने तो उजेडासमोर धरला. "अब्बा, पट्ट्या दिसत नाहीत. फेक आहे," एवढंच म्हणाली आणि नीट गुंडाळून परत दिला. तेव्हा कुठे साहेबांचं तोंड उतरलं. रविवारी सुट्टी घेतली. म्हणाले, "मी येतो शाळेत. टीचरना स्वतः सांगतो, चूक माझी. तिला दुसरं काही मांडायला देतील." मी मनात म्हटलं, उजाडलं एकदाचं!

शाळेच्या फाटकाशी वॉचमनने विचारलं, "किस क्लास में जाना है? सेक्शन?"

साहेब म्हणाले, "सिक्स... नाही, सेव्हन." मग माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं नाही. का सांगू? वीस वर्षांपूर्वी सोडलेल्या शेतातलं गवत चिमटीत ओळखता ना, मग पोटच्या पोरीची इयत्ता ओळखा!

तेवढ्यात तूबाच पुढे झाली. "अंकल, एट-बी," ती वॉचमनला म्हणाली. आणि अब्बांना ओशाळं वाटू नये म्हणून, घरी आलेल्या पाहुण्याची ओळख करून द्यावी तशा आवाजात तिने पुढे सांगितलं, "ही डझन्ट नो, अंकल. ही कम्स ओन्ली ऑन फ्रायडेज."