आमच्याकडेच उतरायचं

पद्माकर देवस्थळींना बँजोचं वेड कधी लागलं, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. पुण्याचा, पन्नाशीचा, आयटीतला मॅनेजर माणूस. पण शनिवारी सकाळी सात वाजले की सिंगापुरात क्लेमेंटीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये अमेरिकेतल्या कुठल्याशा डोंगराळ गावाचं चिमुकलं रेडिओ स्टेशन लॅपटॉपवर सुरू! तिकडे तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ. म्हातारा वॉल्टर कंट्री नि ब्लूग्रास लावायचा. म्हणजे बँजो, फिडल आणि नाकातून गाणारी माणसं. "सकाळी सकाळी कसलं हे टणटण!" असं त्यांची बायको साधना म्हणायची.

पद्माकर दर आठवड्याला वॉल्टरला मेल करायचे आणि तो ती कार्यक्रमात वाचून दाखवायचा, 'सिंगापूरचे आमचे मित्र' म्हणून. मग काय, स्वारी आठवडाभर हवेत! मेलच्या शेवटी घरचा पत्ता आणि ठरलेलं वाक्य: कधी इकडे आलात तर आमच्याकडेच उतरायचं. अहो, असं म्हणायचं असतं! आपल्यात कुणी ते मनावर घेतं का?

वॉल्टरने घेतलं. ऑस्ट्रेलियाहून, लेकीकडून परतताना दोन दिवस येतो, असं त्याने कळवलं. पद्माकरांची पाचावर धारण बसली. दोन खोल्यांचा फ्लॅट, लेकीची, अनुयाची परीक्षा, त्यात साधनाचा चढलेला आवाज: "झोपवणार कुठे त्यांना? माझ्या डोक्यावर?" त्यांनी कळवून टाकलं, आई आजारी आहे, पुण्याला निघालोय. आई तिकडे ठणठणीत, रोज टेकडी चढत होती.

मंगळवारी ऑफिसातून परतताना बिल्डिंगखालच्या कॉफी शॉपच्या, बोलताना तिथल्यासारखं 'लाह' लावणाऱ्या अंकलने हाक मारली नि जॅमची बरणी पुढे केली.

"तुझा अमेरिकन फ्रेंड ठेवून गेला. त्याच्या बायकोने केलाय. तू इंडियाला गेलास म्हणत होता. मी म्हटलं, नाही लाह, आज सकाळीच इथे कॉफी पिऊन गेला!"

"मग?"

"काही नाही. हसला. बरणी दे त्याला, म्हणाला."

पद्माकरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बरणी त्यांनी पिशवीत दडवून वर नेली.

शनिवारी सात वाजता त्यांनी रेडिओ लावला. आता हा सगळ्यांसमोर आपली लाज काढणार! वॉल्टर खाकरला. "सिंगापूरला जाऊन आलो. आपले मित्र काही भेटले नाहीत. आई आजारी म्हणून त्यांना गावी जावं लागलं. पुढचं गाणं त्या माउलीसाठी. तिला लवकर बरं वाटू दे."

साधना स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आई आजारी? असं सांगितलंत तुम्ही?"

पद्माकरांची मान वर होईना. म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं, तरी त्याने यांची अब्रू झाकली. चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

गाणं संपल्यावर ते माफीची मेल लिहायला बसले. खोटं बोललो, लाज वाटते, सगळं लिहिलं. आणि शेवटी बोटांनी सवयीने टाइप केलं: कधी इकडे आलात तर आमच्याकडेच...

हात तिथेच थबकले.

"साधना," त्यांनी खालमानेनेच विचारलं, "हॉलमध्ये एक गादी खरंच मावेल का गं?"