रावसाहेब रसायन प्यायले

हर्णैला आगबोट किनाऱ्यापासून दूरच थांबते आणि उतारूंची प्रतिष्ठाही तिथेच संपते. खलाशी माणूस आणि ट्रंक यांत भेद न करता दोन्ही पडावात (शिडाच्या होडीत) टाकतात. मी कोंबड्यांच्या खुराड्यावर पडलो. तक्रार फक्त कोंबड्यांनी केली.

पडावाचा तांडेल (प्रमुख) धर्मा बुरोंडीचा होता. मीही तिकडचाच उतारू. मुरुडचे माड मागे पडल्यावर त्याने विचारले, "तुमी शिकलेलं दिसतांव. रसायन म्हंजे काय वो?"

मी उत्तर जुळवतो आहे तोच तो म्हणाला, "माजा दत्तू दापोलीच्या हायस्कुलात हाय. आज सांजच्याला देवलापुढं गावाला रसायन दाखवनार. गाव त्याला हसला, तर शाला बंद. वल्हं धरायचं, सांगून ठेवलाय."

दुपारी त्याच्याच घरी बांगड्याचे तिखले आणि तांदळाची भाकरी जेवलो. दत्तू मात्र जेवला नाही.

संध्याकाळी देवळापुढे गाव लोटला. अध्यक्ष एक पेन्शनर रावसाहेब. गावातल्या एकुलत्या एका खुर्चीमुळे ते ओळखू येत. त्यांचे भाषण वेदकाळापासून निघाले आणि रसायनशास्त्राकडे येण्याची त्याला मुळीच घाई नव्हती. घसा कोरडा पडला तेव्हा त्यांनी समोरचा लाल पेला उचलला. कोकणात अध्यक्षांपुढचा लाल पेला म्हणजे कोकमचे सरबत, यात कोणाला शंका येणार? त्यांनी तो एका दमात रिकामा केला.

ते पाण्यात कालवलेले आगळ (रातांब्याचा खारवलेला रस) होते. साखरेचा कणही नाही. दत्तूचा सगळा प्रयोग त्या पेल्यात होता.

रावसाहेबांचे तोंड पाहून देवळासमोर हशा उसळला. खांबाशी उभ्या धर्माने मान खाली घातली.

"रावसाहेब," दत्तूने विचारले, "चव कशी लागली?"

"आंबट! महाभयंकर आंबट!"

"आम्लाची पहिली खूण हीच. अध्यक्षांनी प्रयोगाला सुरुवात करून दिली आहे."

आता हसणारे दत्तूच्या बाजूचे होते. पण पेला रिकामाच. मागून एक म्हातारी ओरडली, "आरं, आगलाला काय तोटा? थांब, बरणी आनते!"

बरणी आली. दत्तूने पेल्यात थोडे आगळ पाण्यात कालवले आणि पानाच्या चुन्याची निवळी ओतली. लाल पाणी निळसर हिरवे झाले. लिंबू पिळले, पुन्हा लाल!

"मंतर घातलान!" कोणी म्हणाले.

"मंतर कसला? तूच पिळ लिंबू, सोन्याकाका."

मग कोणाला धीर धरवेना. बाया घरांकडे धावल्या. चिंच आली, ताक आले, राखेचे पाणी आले. मी माझे दंतमंजन दिले. रावसाहेबांनी खिशातून पोटासाठीच्या सोड्याची पुडी काढली आणि रंग बदलताच खुर्ची सोडून टाळ्या वाजवल्या. मीही ओरडत होतो, असे नंतर कळले.

शेवटी धर्मा आला. करवंटीत समुद्राचे पाणी होते. "ह्याचा काय व्हतो?"

दत्तूने ते ओतले. रंग जरा फिकटला, पण लालच राहिला.

"का नाय बदलला?"

"ठाव नाय, बाबा. मास्तरांना इचारतो."

धर्मा रिकामी करवंटी उचलून निघून गेला.

परतताना त्याच्याच पडावातून आगबोटीकडे निघालो. वल्ह्यावर दुसराच गडी होता. मी दत्तूचे विचारले.

"गेला दापोलीला. दर्याच्या पान्याचा त्याला अजून ठाव नाय," धर्मा म्हणाला. "असला अर्धवट नावेवर घेऊन काय करू? शिकू दे पुरा."

पुण्यास परतल्यावर एका विद्वानांच्या व्याख्यानाला गेलो. अखेरीस कोणीतरी प्रश्न विचारला. उत्तर वक्त्यांना ठाऊक नाही, हे आम्हा सर्वांना स्पष्ट दिसत होते. ते आणखी बराच वेळ बोलले.