कपाचा कान

आखातात, मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसायचा. मालवणकडचा फिटर. आवाज बंद करून मोबाइलवर एकाच जर्मन नटीचे सिनेमे बघायचा. सगळे नवरा-बायकोचे. एकात ती विशीतली, दुसऱ्यात केस पिकलेली. नवरा दर वेळी वेगळा, आणि शेवटी ती त्याला सोडून जायची.

"भाषा कळते का हो?" मी एकदा विचारलं.

"कित्याक होयी? आता बघा साहेब, ती कपाचो कान त्याच्या हाताकडे फिरवतली. मगे जातली."

तिने खरंच एका बोटाने कप फिरवला. पुढच्या दृश्यात घर रिकामं. त्याने तिचा तरुणपणीचा सिनेमा लावला. तेच बोट, तसंच रिकामं घर.

"माझ्या बायलेन पण तसोच फिरवल्यान," मोबाइलवरची नजर न काढता तो म्हणाला.

मला हसू आलं. आमच्याकडे चहाचा कप आपटलाच जातो, कान कुठेही असो.

संध्याकाळी महबूला वस्तीतल्या घरी पोचलो. बायकोने चहा आणला. कप अगदी अलगद ठेवला. आत जाता जाता ती थांबली, मागे वळली, आणि एका बोटाने कपाचा कान माझ्याकडे फिरवला.