सळईच्या बुडाशी पाणी

हे मी अजून कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, लेकीपाशीही नाही. लिहायला बसले तरी हात अडतो. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यावर लिहिते आहे. तुम्ही वाचाल तर वाचा.

आमचं घर पोलादपूरहून आत, उमरठच्या बाजूला. लेक तेव्हा लहान होती, नवरा मुंबईला कामाला. एका उन्हाळ्यात घोड्यांवरून रायगडला निघालेली पुण्याकडची मंडळी आमच्या माळावर दोन दिवस उतरली. घोडे त्यांनी बांधले नाहीत. भोवती काठ्या रोवून पांढरी पट्टी ओढली. पट्टीत बारीक तारा होत्या, कडेला बॅटरीची पेटी. पेटी सारखी टक् टक् वाजायची. पट्टीला घोड्याचं नाक लागलं की झटका बसायचा — मरण्याइतका नाही, मागे सरण्याइतका. पेटीची एक वायर जमिनीत ठोकलेल्या लोखंडी सळईला जोडलेली होती.

घोडे सांभाळायला साताऱ्याकडचे एक वयस्कर माणूस होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. मैना नावाची तांबडी घोडी त्यांनी शिंगरू असल्यापासून वाढवली होती. दुसऱ्या दिवशी मंडळी जीपने सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर गेली आणि तात्या चारा आणायला पोलादपूरला निघाले. जाताना मला म्हणाले, "वैनी, दुपारी या सळईच्या बुडाशी हंडाभर पाणी वता. माती सुकली की पट्टीत झटका ऱ्हात न्हाई." मी मान डोलावली. परक्या माणसाशी मला बोलताच येत नसे.

दुपारी हंडा घेऊन निघाले. विहीर तळाला गेली होती, तो हंडा मी उन्हात चढ चढून आणलेला. ओट्यावरून सासूबाई म्हणाल्या, "लोखंडाला पानी घालतंस? पालवी फुटनार हाय काय गो त्याला?" शेजारच्या बायका हसल्या. आणि मी — परतले. पाणी माठात ओतलं. सासूबाईंचं नाव मी पुढे करत नाही. हंडा माझ्या हातात होता.

पेटी तर वाजतच होती. मला वाटलं, चाललंय की सगळं. खरंच वाटलं? की वाटून घेतलं?

थोड्या वेळाने मैनेने पट्टीला नाक लावलं. काही झालं नाही. तिने मान घातली, मग छाती घातली. काठ्या आडव्या झाल्या आणि पट्टी पायांत घेऊन ती ओढ्याच्या उताराला लागली. मी दारातून बघत होते. हाक मारावी, तर घोडीला काय म्हणून हाक मारतात? मग खालून तिचा आवाज आला. आजूबाजूचे सगळे धावले. पट्टीत गुरफटून ती धोंड्यांत पडली होती, पुढचा पाय मोडला होता.

इथे संपलं असतं तरी पुरे होतं. पण जे सांगायचं ते पुढेच आहे.

सगळे ओढ्यावर असताना मी घरात गेले. माठातलं पाणी हंड्यात घेतलं आणि सळईच्या बुडाशी ओतलं — सावकाश, चहूबाजूंनी. कुणी शिकवलं मला हे? चार माणसांत तोंड उघडायला भिणारी मी, आणि हे मात्र न शिकवता आलं.

तात्या आले, मंडळीही आली. गुरांच्या डॉक्टरांनी पाय पाहिला, जुळणार नाही म्हणाले आणि तिला कायमचं झोपवायचं इंजेक्शन दिलं. शेवटपर्यंत मैनेचं डोकं तात्यांच्या मांडीवर होतं. मग वर येऊन त्यांनी मला एवढंच विचारलं, "वैनी, पाणी वतलं व्हतं न्हवं?"

"होय," मी म्हणाले.

त्यांनी वाकून माती चिमटीत घेतली. ओली होती. मंडळीच्या म्होरक्या साहेबांकडे वळून म्हणाले, "बाईंनी सांगितलेलं केलंय. सळई मीच उथळ ठोकली असंल."

साहेबांनी त्यांना तिथेच कामावरून काढलं. उरलेले घोडे टेम्पोत चढवताना त्यांना हातही लावू दिला नाही. मी उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या तोंडात होतं आणि मी ते गिळलं.

संध्याकाळच्या एसटीसाठी तात्या चालत निघाले. आमच्या ओट्यापाशी थांबले, मला हात जोडले आणि म्हणाले, "वैनी, आमच्यापायी तुमाला उन्हातनं पाणी वाहावं लागलं."

मीही हात जोडले.