अण्णाच्या डब्यातले चार चमचे

माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, बंगळूरला मल्लेश्वरमच्या एका तालमीत वजनं उचलायला जायचा आणि मी शाळेच्या मैदानावर गोळा फेकायचे. साठच्या दशकातली गोष्ट. तो अठरा वर्षांचा, मी पंधराची. वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं. आई, वडील आणि आम्ही दोघं, एवढंच घर.

एके दिवशी अण्णानं औषधांच्या दुकानातून प्रोटीन पावडरचा डबा आणला. तालमीतल्या थोरल्या पोरांनी त्याला सांगितलं होतं, दंड हवेत तर हे घे. रोज सकाळी तो दोन चमचे पावडर दुधात ढवळायचा आणि नाक दाबून प्यायचा. ओल्या पिठासारखा वास यायचा तिला.

मी म्हटलं, "अण्णा, मलाही स्वल्प दे की."

"तुला कशाला? मुलीचे दंड फुगले तर बरं दिसेल का?"

"दंडच हवेत मला. गोळा काय वेणीनं फेकू?"

आई हसली, पण डबा वरच्या फळीवर गेला. मी त्याच दिवशी ठरवलं की ही पावडर घ्यायचीच. शाळांच्या स्पर्धेला दीड महिना होता आणि माझा गोळा आमच्याच वर्गातल्या एका मुलीच्या वीतभर मागे पडत होता.

अण्णा आंघोळीला गेला की मी स्टुलावर चढून डबा काढायचे. त्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की एका पेल्यात जेवणाइतकं पोषण आहे. मला ते पुरेसं होतं. तो दोन चमचे घेतो, तर मी चार घेणार. आणि पेल्यातच जेवण असेल तर वेगळं जेवायचं कशाला? शाळेत नेलेला भात मी मैत्रिणींना वाटून टाकू लागले. पोट दगडासारखं झालं, तोंड कोरडं पडायचं, तरी मी सोडलं नाही. ताकद अशीच येत असणार, अशी माझी समजूत.

तिसऱ्या आठवड्यात सराव करताना गोळा मानेशी धरून गिरकी घेतली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. गोळा पायाशी पडला, मी त्याच्या शेजारी. खेळाच्या टीचर धावत आल्या.

"सकाळी काय खाल्लंस?"

"पावडर."

"आणि काल रात्री?"

"भूक नाही म्हणून तशीच झोपले." त्या मला घेऊन थेट घरी आल्या. आईनं डबा खाली काढला. टीचरनी तो खिडकीपाशी नेऊन मागची बारीक अक्षरं वाचली आणि कन्नडमध्ये आईला सांगितलं, "जेवणासोबत घ्या, असं लिहिलंय. जेवणाऐवजी नव्हे. आणि खरं सांगू का, हिला याची गरजच नाही. हिला पोटभर खायला घाला."

आईचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता गोळा बंद. मी आधीच बोलून टाकलं, "चोरून घेतली, चुकलं. पण मी फेकायचं सोडणार नाही."

"सोड असं कोण म्हणालं?" आई म्हणाली. "उद्यापासून माझ्यासमोर बसून जेवायचं."

अण्णा दाराशी उभा होता. टीचर गेल्यावर तो हळूच म्हणाला, "डबा लवकर संपतोय हे मला कळत होतं. मी एकच चमचा घ्यायला लागलो होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तालमीतली पोरं हसली असती, म्हणून तुला नाही म्हटलं होतं. नंतर उघड द्यायची लाज वाटली."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. रडूच आलं.

दुसऱ्या दिवसापासून आईनं मोड आलेले हुलगे, भिजवलेले शेंगदाणे, दूध आणि भाकरी असा धडाका लावला. आमच्या घरात अंडं शिजत नसे. आईनं परसात वेगळी चूल मांडून अंडी उकडली, स्वतः न खाता. अण्णाही माझ्या शेजारी तेच खायला बसू लागला. पहिले काही दिवस माझा गोळा पूर्वीइतकाही जाईना. मी रोज शाळा सुटल्यावर तीस वेळा फेकायचे, मोजून. तळहाताला घट्टे पडले. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात गोळा पुढे सरकू लागला.

स्पर्धेला वडील दुकान बंद करून आले. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं. माझी पहिली फेक झाल्यावर ते कुंपणापाशी येऊन म्हणाले, "झालं? एवढंच?"

"अजून दोन आहेत."

"सरी, ठीक आहे. मग जोरात टाक."

दुसरी फेक रेषेबाहेर पाय पडून बाद झाली. तिसरीला मी श्वास घेतला, पाय घट्ट रोवले आणि सगळं अंग त्या एका हातामागे लोटलं. वर्गातल्या त्या मुलीला मी मागे टाकलं, पण दुसऱ्या शाळेच्या एका उंच मुलीनं आम्हा दोघींनाही मागे टाकलं. माझा नंबर दुसरा आला.

वडील म्हणाले, "दुसरी म्हणजे चांगलंच की."

मी त्या उंच मुलीच्या पायांकडे बघत होते. ती गिरकी घेताना डावा पाय माझ्यापेक्षा खूप मागे टाकत होती. सोमवारी शाळा सुटताच मी मैदानावर गेले आणि तसा पाय टाकून बघायला सुरुवात केली.