दोन उमेदवार, एकच मालक

मित्रांनो, आज सकाळी नरडाण्यात आम्ही कामगार कारखान्याच्या मालकाच्या बंगल्यावर गेलो. मशिनमध्ये हात गेलेल्या सुकदेवनानांना कामावर परत घ्या, एवढंच मागणं होतं.

वॉचमनने फाटकातच अडवलं. आत ओट्यावर मालकाशेजारी निवडणुकीला उभे असलेले दोन्ही उमेदवार नाश्ता करत बसले होते. कालच्या सभांत हेच दोघे एकमेकांना चोर म्हणत होते. फाटकातूनच ओरडून सांगितलेलं आमचं मागणं ऐकून एक जण म्हणाला, "निवडणूक होऊ द्या, मग बघू." दुसऱ्याने मान डोलावली.

परतताना नाना बोलले, "या बठ्ठा एकच शेतस रे भाऊ." हे सगळे एकच आहेत, असं ते म्हणाले.

मत मी देईन, पण मालकाविरुद्ध त्यातून कुणी उभं राहील ही आशा संपली. कारखाना ज्याचा, सरकारही त्याचंच. उद्यापासून आम्ही काम बंद करतोय. आमच्यासोबत बसायला तुमच्यापैकी कोण येणार?